दोन काचांमधला डोंगर

४ जुलै

आत्या,

शर्ट मिळाला. खांद्यात बरोबर बसतो, कॉलरही गळ्याला लागत नाही. इथे सगळे विचारतात कुठे शिवलास. मी म्हणतो, आमच्या घरीच दुकान आहे.

आता कामाचं सांगतो. आपल्या गावावर डोंगर कोसळला त्याला यंदा पन्नास वर्षं होतील. त्या वेळी आमच्या फोटो स्टुडिओच्या मालकांच्या वडिलांनी तिथे जाऊन फोटो काढले होते. गावच्या कचेरीला त्यांचं प्रदर्शन भरवायचं आहे, म्हणून ते साफ करून पुन्हा छापायचं काम माझ्याकडे आलं आहे. हे फोटो फिल्मवर नाहीत, काचेवर आहेत. लाकडी पेटीत खाचा आहेत आणि एकेका खाचेत एक काच उभी. पेटीला ओल लागली होती. मऊ ब्रशने धूळ झाडायची, बुरशी खरवडायची नाही, बोटं फक्त कडांना लावायची. मी श्वासही बाजूला तोंड करून सोडतो.

काचेच्या एका बाजूला चित्राचा थर असतो. ती बाजू निस्तेज दिसते, दुसरी चकाकते. थर कागदाच्या दिशेला ठेवायचा. चुकून उलटी ठेवली तर फोटोत डावं ते उजवं होतं. एरवी मी दुकानांच्या पाट्या वाचून खात्री करून घेतो. अक्षरं सरळ आली की काच बरोबर. पण या पेटीतल्या फोटोंत एकही अक्षर नाही. सगळ्या पाट्या मातीखाली गेल्या होत्या.

तुला म्हणून सांगतो, मला या फोटोंची भीती वाटते. कागद औषधात बुडवला की काळं असतं ते आधी उमटतं. म्हणजे पहिल्यांदा डोळे वर येतात, चेहरे मागाहून.

एक काच तडकलेली आहे. मालकांच्या वडिलांनी तिच्या अंगाला दुसरी काच लावून चारी कडा कागदी पट्टीने बंद केल्या आहेत. त्यामुळे तिच्या दोन्ही बाजू सारख्याच चकाकतात. पट्टी सोडवली तर तुकडे हातात येतील. मालकांना विचारलं तर म्हणाले, "आमचे वडील काचेवर नंबराची चिठ्ठी नेहमी पाठीकडे, थर नसलेल्या बाजूला चिकटवायचे. चिठ्ठी वर ठेव आणि हो पुढे." मी पट्टी उघडली नाही. जपून ठेवायला दिलेली वस्तू माझ्या हातून फुटायला नको.

या फोटोत माती उपसायला आलेली माणसं ओळीने उभी आहेत. कोट घातलेले, हातात फावडी, डोंगराकडे पाठ. मागे डोंगराचा मधला भाग सोलल्यासारखा उघडा. आणि त्या उघड्या भागाच्या माथ्यापासून डावीकडे गवतातून गेलेली एक बारीक काळी रेघ, कोयत्यासारखी वाकडी. आधी मला तो काचेवरचा केस वाटला. दोनदा ब्रश फिरवला. आत्या, तो केस नाही. डोंगराला गेलेली भेग आहे. मधला भाग खाली आला तेव्हा हा बाजूचा आला नाही, नुसता सुटून तिथेच राहिला.

त्या भेगेचं पुढे काय झालं? गावात कुणाला आठवतं का?

तुझा,
टिंबू


९ जुलै

टिंबू,

पत्र वाचलं. नेहमीप्रमाणे एकही टिंब राहिलेलं नाही. लहानपणी खडू घेऊन माझ्या दुकानाच्या पाटीवर राहिलेली टिंबं देत बसायचास, तेव्हा वाटलं होतं पोरगं मास्तर होणार. झालास अंधाऱ्या खोलीतलं वटवाघूळ.

डोंगर पडला तेव्हा मी पाच वर्षांची होते. मला फक्त आवाज आठवतो आणि आईने मला उलटं धरून पळवलं ते आठवतं. भेगेचं कुणी काही बोलल्याचं आठवत नाही. असेल तर गवताने झाकली असेल. माणसं मोजायची सोडून डोंगर मोजायला कुणाला वेळ होता?

तू विचारलंस म्हणून सांगते, नाहीतर सांगणार नव्हते. नाल्याच्या वर, माथ्याकडच्या पायवाटेला चीर पडली आहे. पाऊल आत जाईल एवढी. पुढे ती झुडपांत शिरते, कुठे जाते ते दिसत नाही. पाऊस यंदा उसंत देत नाही आणि नाल्याचं पाणी चहासारखं झालं आहे. मी कचेरीत जाऊन सांगितलं. तिथला कारकून म्हणाला, "बाई, डोंगराचं काय असेल ते प्रदर्शनात बघा, फुकट आहे."

तू मात्र जीव टांगणीला लावून बसू नकोस. मांजराच्या सावलीला घाबरणारं पोर तू, तुला आधीच कमी झोप. रोज काहीतरी गरम खा.

तुझी आत्या


१२ जुलै

आत्या,

तुझं पत्र वाचल्यापासून मी तो एकच फोटो समोर घेऊन बसलो आहे.

तू लिहिलेली चीर आणि फोटोतली भेग एकाच जागी सुरू होतात. नाल्याच्या वर, माथ्याला, जिथून मधला भाग कोसळला. ही नवी चीर नाही. ती जुनीच भेग परत उघडते आहे.

सोबत फोटो पाठवतो आहे. भेगेवर मी बाण काढला आहे. त्या वेळी तुमच्याकडची पाण्याची टाकी नव्हती आणि ताईकडची खाणही नव्हती. नाल्याच्या दोन्ही बाजूंचा डोंगर सारखाच दिसतो. म्हणून मी डोंगराकडे तोंड करून उभा आहे असं धरलं आणि पुन्हा पुन्हा पडताळून पाहिलं. भेग डावीकडे जाते. डावीकडे टाकीची आळी. म्हणजे आपलं घर.

तू हे पत्र वाचून होताच ताईकडे जा. खाणीची बाजू फोटोत धड आहे, तिथे रेघसुद्धा नाही. लेकीकडे राहायला संकोच कसला? मशीन मागून आणता येईल. तू मला वाढवलंस, मी आजवर तुझ्याकडे कधी हट्ट केला नाही. हा एक करतो.

शेजाऱ्यांनाही फोटो दाखव. माझ्यावर विश्वास बसणार नाही त्यांचा, पण फोटोवर बसेल.

टिंबू


१७ जुलै
ताईच्या घरून

टिंबू,

झालं तुझ्या मनासारखं? आले बाबा लेकीकडे. मशीन आणि मापं घ्यायचा उभा आरसा मात्र हातगाडीवर घालून घेऊन आले, त्या दोघांना सोडून मी कुठे जात नाही. ताई म्हणते, आई माहेरपणाला आली की दुकान लावायला?

तुझा फोटो गावभर फिरला. कडा मळल्या. आपल्या शेजारची दोन्ही घरं खाणीकडे आली, कुणी बहिणीकडे, कुणी ओळखीच्यांकडे. आणि घड्याळकाका! तू लहान असताना तुला बंद पडलेली घड्याळं खेळायला द्यायचे ते. फोटोत डावीकडून दुसरे उभे आहेत ते तेच, विशीतले. फोटो हातात घेतला आणि हरखून गेले. "अगं, हा मी! हुबेहूब! रोज आरशात दिसतो तसाच." मी भेगेचं विचारलं तर म्हणाले, आम्हाला डोंगराकडे पाठ करून उभं केलं होतं, मला मागचं काय दिसणार? पण मी फोटोत इतका खरा आहे तर भेगही खरीच असणार. सगळ्यांत आधी त्यांनी सामान बांधलं. ताईच्या पलीकडची खोली घेतली आहे. भिंतभर घड्याळं लावली आहेत, एकाचा ठोका दुसऱ्याशी जुळत नाही. जावई म्हणतात, यांच्यामुळे मला कामावर पोचायला एकदा उशीर आणि एकदा लवकर झालं.

फोटोकडे पाहून एक हसू मात्र आलं बघ. त्या काळचे शिंपी आंधळे होते का रे? ओळीतल्या एकूण एक पुरुषाच्या कोटाची बटणं बायकांच्या कपड्यांसारखी उलट्या अंगाला. माझ्याकडे असा कोट शिवून नेला असता तर गिऱ्हाइकाने तोंडावर फेकला असता.

बाकी इथे ठीक. ताईचं मागचं दार लागत नाही. जावयांनी रंधा मारला, एक दिवस लागलं, परत अडकलं. लाकूड फुगलं असेल. न्हाणीतल्या फरशीलाही तडा गेला आहे. घर जुनं झालं की असं होतंच.

आता तरी झोप नीट.

आत्या


तार
२० जुलै

फोटो उलटा छापला. भेग खाणीच्या बाजूला. सगळे ताबडतोब टाकीकडे परत जा. घड्याळकाकांना न्या. टिंबू.


२० जुलै

आत्या,

तार आधी पोचेल, हे पत्र नंतर. तरी लिहितो, कारण लिहिणं थांबवलं तर मी नुसता उभा राहीन.

शिंपी आंधळे नव्हते. आंधळा मी. तुझं पत्र मी उभ्यानेच वाचत होतो. बटणांची ओळ आली तेव्हा हसलो. मग हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि मी पेटीकडे धावलो. एका शिंप्याची चूक होईल, ओळीतल्या सगळ्यांच्या कोटांची कशी होईल? मी अक्षरं शोधत बसलो आणि माणसांच्या छातीवर सरळसरळ लिहिलेलं वाचलं नाही. त्या काचेची चिठ्ठी पुढच्या बाजूला चिकटवलेली असणार. मी ती काच उलटी छापली. डोंगराची डावी बाजू म्हणजे उजवी. टाकी नव्हे, खाण. ज्या घराचं दार लागत नाही तिथे मी तुला पाठवलं. ताईला, तिच्या छकुलीला आणि शेजाऱ्यांनाही मीच तिथे ठेवलं.

दार लाकडामुळे अडकत नाही, आत्या. घराखालची जमीन सरकते आहे.

तारेच्या कचेरीतल्या बाई म्हणाल्या, "शब्द कमी करा." मी म्हटलं, एकही करणार नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तार पाठवली.

आज काम केलं नाही. मालक रागावले नाहीत. तेही आपल्या वडिलांच्या त्या चिठ्ठीकडे बघत बसले आहेत.

कळव. एक ओळ. एक शब्द कळव.

टिंबू


२७ जुलै
टाकीकडून, आपल्या घरून

टिंबू,

आम्ही सुखरूप आहोत. आधी हे वाच, मग पुढे.

तार घेऊन पोस्टमन आला तेव्हा मी छकुलीचा फ्रॉक शिवत होते. वाचली आणि सुई बोटात गेली. अंगणात जाऊन सगळ्यांना हाका मारल्या. पण ऐकणार कोण? चार-पाच दिवसांपूर्वी मीच सगळ्यांना खाणीकडे आणलं होतं. शेजारीण म्हणाली, "तुमच्या भाच्याला म्हणावं आधी डावा-उजवा हात शिक." तिचा नवरा म्हणाला, "परवा दुसरी तार येईल, नाल्यात राहा म्हणून." जावईसुद्धा सामान हलवेनात. कुणाला दोष देऊ? भर पावसात दोनदा संसार उचलायचा म्हणजे चेष्टा नाही.

मग मी माझा उभा आरसा बाहेर ओट्यावर आणला. जावयांना म्हटलं, लग्नातला कोट घाला. ते म्हणाले, आत्ता? मी म्हटलं, आत्ता. त्यांना सगळ्यांसमोर उभं केलं. बटणं बघा, म्हटलं. मग तुझा फोटो दाखवला, बटणं बघा. उलटी. मग फोटो आरशासमोर धरला आणि म्हटलं, आता आरशात बघा. आरशातल्या माणसांची बटणं जावयांसारखी झाली, टिंबू. आणि तुझा बाण डावीकडून उठून उजवीकडे गेला. आमच्या डोक्यावर.

 शेजारणीने स्वतः जाऊन ताईचं मागचं दार ओढून पाहिलं. ते जागचं हललं नाही. ती तशीच तिच्या पोरांना हाका मारत घरात धावली.

अंधार पडायच्या आत बहुतेक आळी रिकामी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं आटोपताना आवाज आला. ट्रकमधून माती ओततात तसा, फक्त तो थांबेचना. मला वाटलं मी पाच वर्षांची आहे. छकुलीला उचललं तेव्हा कळलं की आईने मला उलटं का धरलं होतं. घाईत हाताला पाय लागले की पायच धरतो माणूस.

खाणीकडची आळी आता नाही. ताईचं घर नाही. आपण आहोत. तुझी तार मी हिशेबाच्या डब्यात ठेवली आहे, कापडाच्या पावत्या ठेवते तिथे.

जेव. झोप.

आत्या


३१ जुलै

आत्या,

तुझं पत्र मी मालकांना अर्धं वाचून दाखवलं, पुढचं त्यांनी वाचलं.

ताईला सांग, माझी खोली लहान आहे पण तिघांना पुरेल.

एक विचारतो. तू शेजारणीचं लिहिलंस, जावयांच्या कोटाचं लिहिलंस. "बहुतेक आळी" असं लिहिलंस. घड्याळकाकांबद्दल एक शब्द नाही. तू मापं घेताना काही विसरत नाहीस, मग हे कसं विसरशील?

मला खरं सांग. लहान समजून लपवू नकोस.

टिंबू


५ ऑगस्ट

टिंबू,

लपवलं. तुला त्या दिवशी तेवढंच पेलेल असं वाटलं. मलाही तेवढंच लिहिता आलं.

आरशापाशी तेही आले होते. सगळ्यांत पुढे. फोटो आरशात धरला तसे ते वाकले आणि स्वतःला शोधू लागले. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "हा मी नाही." मी म्हटलं, काका, हे तुम्हीच, डावीकडचे आता उजवीकडे गेलात एवढंच. तर म्हणाले, "नाही गं. याचं तोंड वाकडं आहे. भांग भलतीकडे आहे. पहिल्या फोटोत होतो तो मी. आरशात घालून काय, काहीही उलटं करून दाखवता येतं."

जन्मभर आरशात बघितलेला चेहरा त्यांना खरा वाटला, टिंबू. खरा चेहरा दाखवला तर ओळखला नाही. मी हात धरून ओढलं. जावयांनी उचलून न्यायची तयारी केली. तेव्हा म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, घड्याळं उतरवून उद्या येतो. चालत्या घड्याळांना धक्का नको." उद्या म्हणाले, म्हणून आम्ही सोडलं. मी सोडलं. हे माझंही आहे, सगळं तुझ्याच माथी घेऊ नकोस.

चौथ्या दिवशी सापडले. त्यांचा मुलगा परगावाहून आला आहे. त्याला वडिलांचा फोटो हवा आहे. घरातले होते ते त्या खोलीसोबत गेले. दुसरा कुणाकडेच नाही. तुझ्या त्या काचेवर आहेत तेवढेच.

छापशील का? जमणार नसेल तर तसं कळव, मी त्याला काहीतरी सांगेन.

आत्या


१२ ऑगस्ट

आत्या,

छापला. सोबत जाड पुठ्ठ्यांमध्ये घालून पाठवतो आहे.

सुरुवातीला मला त्या पेटीपाशी जाता येईना. मालक म्हणाले, "दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ का?" मी नको म्हटलं. मग कागदी पट्टी वाफेवर धरली, सुटेल तसतशी सोडवली. भीत होतो तेच झालं, काच तीन तुकड्यांत हातात आली. त्या तुकड्यांवर श्वास सोडून पाहिलं. चिठ्ठीची बाजू निस्तेज होती. थर तिथेच होता. हे एवढं पाहण्यासाठी मी जुलैमध्ये ती काच फोडायला हवी होती. ती जपली.

तुकडे नव्या काचेवर जुळवून ठेवले आणि डावीकडून दुसरा, आता उजवीकडून दुसरा, एवढाच माणूस मोठा केला. कागद औषधात टाकला. आधी डोळे आले, मग कोटाचा काळा रंग, मग बटणं. चेहरा सर्वांत शेवटी. मी तोवर ट्रेची कड धरून उभा होतो. तडा गालावरून जातो तो ब्रशने बुजवला आहे, पण जवळून पाहिलं तर दिसतो. भांग त्यांच्या खऱ्या बाजूला आहे. ओठ एका अंगाला किंचित वाकडे आहेत. ते घड्याळ कानाला लावून ऐकायचे तेव्हा असेच व्हायचे, मला आठवलं. त्यांनी हा चेहरा कधी पाहिला नाही, पण आपण रोज पाहिला.

प्रदर्शन होणार आहे. पेटीत अजून बऱ्याच काचा आहेत आणि मला प्रत्येकीची भीती वाटते. जी छापतो तिच्यात आधी कोट शोधतो. कोट नसेल तर मालकांना हाक मारतो आणि आम्ही दोघं बघतो.

फोटो त्यांच्या मुलाला दे. देण्याआधी एकदा तू बघ. बटणं मी तपासली आहेत, तरी तू बघ.

टिंबू